हजेरीपट खाणाऱ्या शेळीची मूळ लेखिका

स्पर्धेच्या प्रवेशअर्जातला सातवा नियम असा होता : 'लेखकाचे परवानगीपत्र जोडणे बंधनकारक आहे.' चंद्रहास टिपरे याने तो दोनदा वाचला, खिशातलं चांगलं पेन काढलं आणि स्वतःला पत्र लिहिलं. 'श्री. चंद्रहास टिपरे यांस, आपण माझ्या एकांकिकेचा प्रयोग करण्यास माझी हरकत नाही. आपला, चंद्रहास टिपरे.' खाली सही केली. मग पत्र मिळाल्याची पोच म्हणून शेजारी आणखी एक सही केली.

ही दुसरी सही कोणी मागितली नव्हती. पण चंद्रहास आयर्लंडात कॉर्कजवळ रिंगास्किडीला एका औषधाच्या कारखान्यात क्वालिटी खात्यात होता, आणि क्वालिटीच्या माणसाला एकाच सहीचा कागद उघडा पडल्यासारखा वाटतो. गोळी चांगली की वाईट हे तो बघत नसे. गोळीचे कागद चांगले की वाईट हे बघत असे. एका कामगाराने तारखेत खाडाखोड करून बाजूला सही केली नाही, म्हणून एकदा त्याने अख्खी खेप आठवडाभर अडवून धरली होती. गोळ्या उत्तम होत्या. त्याबद्दल कोणाचंच दुमत नव्हतं.

साल २०१८. आयर्लंडातल्या मराठी मंडळींनी पहिल्यांदाच एकांकिका स्पर्धा ठरवली होती आणि संघ तीन होते. डब्लिनचा संघ ग्रँड कॅनाल डॉकच्या संगणकवाल्यांचा. त्यांच्याकडे प्रोजेक्टर होता, धुराचं यंत्र होतं, नट नव्हते. मलिंगारचा संघ तिथल्या डॉक्टरांचा. नट होते, पण सगळे एका वेळी कधीच नव्हते. आणि कॉर्ककडे संहिता होती.

संहिता चंद्रहासची होती. निदान पोस्टरवर तसं होतं. 'लेखक' या शब्दापुढे आयुष्यात एकदा आपलं नाव बघायचं, एवढीच त्याची इच्छा होती. पुण्यात कॉलेजला असताना चार वर्षं त्याने नाटकं केली आणि चारही वर्षं पत्रिकेवर 'प्रकाशयोजना : चंद्रहास टिपरे' असंच छापून आलं. प्रकाशयोजना म्हणजे दोन दिवे, त्यातला एक बंद. आता सेहेचाळिसाव्या वर्षी योग आला होता, आणि रत्नागिरीत त्याच्या वडिलांनी, दीनानाथ टिपऱ्यांनी, 'आमचे चिरंजीव लेखक झाले' ही बातमी दूधवाल्यापासून बँकेच्या मॅनेजरपर्यंत सगळ्यांना सांगून टाकली होती. मागे फिरायची वाट त्यांनी परस्पर बंद केली होती.

एकांकिकेचं नाव 'हजर'. गुहागर तालुक्यातली एकशिक्षकी शाळा. उद्या तपासनीस साहेब येणार, आणि आज शेळी हजेरीपट खाते. आता मुलं शाळेत येतात याला पुरावा उरत नाही. मुलं समोर बसलेली आहेत, पण ती काही पुरावा नव्हेत. रात्रभरात गुरुजी काय करतात, अशी ती गोष्ट. शेळीचं काम चंद्रहासने आपल्या मुलीला, चौदा वर्षांच्या शर्वाणीला दिलं होतं. मराठी सगळं कळतं पण बोलायचं काही नाही, अशी संहितेत तेवढी एकच भूमिका होती.

पोस्टरवर खाली, मुंगीएवढ्या अक्षरांत, आणखी एक ओळ होती : 'आफ्रिकन लोककथेवर आधारित'. ही ओळ चंद्रहासला स्वतःच्या मनाचा मोठेपणा वाटे. रूपांतराच्या बाबतीत आपली परंपरा जुनी आणि सढळ हाताची आहे. परमुलखातली गोष्ट उचलायची, तिला नऊवारी नेसवायची, सदाशिव पेठेत बिऱ्हाड करून द्यायचं. कोणी हटकलंच तर 'बीज तिकडचं, पण पीक आपलं' म्हणून मोकळं व्हायचं. त्या मानाने मुंगीएवढी ओळ म्हणजे सज्जनपणाच होता.

गोष्ट त्याला अजोआने सांगितली होती. अजोआ घानाची, कारखान्याच्या प्रयोगशाळेत सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ. दीड वर्षापूर्वी अमेरिकेचे तपासनीस आले होते तेव्हा दोघं मांडीवर फायली घेऊन बोळात ताटकळत बसले होते. वेळ जाईना म्हणून तिने ही शेळीची गोष्ट सांगितली. 'आमची आंटी सांगायची,' असं म्हणाली. आफ्रिका, आंटी आणि शेळी म्हटल्यावर ती लोककथाच असणार, हे चंद्रहासने तिथल्या तिथे ठरवून टाकलं. लोककथेत शाळा तपासनीस, रबरी शिक्का आणि कार्बन पेपर कुठून आले, हा प्रश्न जन्मभर दुसऱ्यांच्या कागदांतल्या चुका काढणाऱ्या या माणसाला पडला नाही.

एप्रिलातल्या एका सोमवारी कँटीनमध्ये त्याने तिला सहज सांगितलं, "मी एक नाटक लिहिलंय. आफ्रिकन लोककथेवर."

"आफ्रिकन म्हणजे कुठली?" अजोआने बटाट्यावर मिरपूड घालत विचारलं. "तुझ्या भाजीला कोणी 'आशियाई पदार्थ' म्हटलं की तू अर्धा तास भाषण देतोस."

"घानाची असावी."

"असावी! बरं, मग परवानगी घेतलीस?"

"लोककथेची? कोणाकडून? लोककथेला काय मालक असतो?"

"आमच्याकडे असतो."

"कोण?"

"राष्ट्राध्यक्ष," अजोआ म्हणाली आणि बटाटा खाऊ लागली.

चंद्रहास हसला. ती हसली नाही. मग तोही हळूहळू हसायचा थांबला.

घरी येऊन त्याने घानाचा कॉपीराइट कायदा शोधून काढला. २००५ सालचा, क्रमांक ६९०. दुसरी माणसं सुट्टीत रहस्यकथा वाचतात तसा त्याने तो एका बैठकीत वाचला. अजोआ खरंच बोलली होती. लोककथेचे हक्क घानाच्या जनतेच्या वतीने राष्ट्राध्यक्षांकडे विश्वस्त म्हणून सोपवलेले होते, आणि तेही कायमचे. लेखक मेल्यावर सत्तर वर्षांनी त्याची गोष्ट मोकळी होते; लोककथा कधीच होत नाही, कारण लोक मरत नाहीत. वापरायची असेल तर लोककथा मंडळाकडे रीतसर अर्ज करायचा. कलमं स्वच्छ, क्रमांक ठाशीव. चंद्रहासच्या मनात घानाविषयी आदर दाटून आला.

"चांगलं लिहिलंय गं," तो विभावरीला म्हणाला. "पण हा कायदा घानाचा. कॉर्कला थोडाच लागू?"

विभावरी दंतवैद्य होती. समोरच्याचं तोंड उघडं असताना आपलं बोलून घ्यायची तिला सवय होती. "औषधं तपासणारं ते खातं अमेरिकेचं आहे ना? ते येणार म्हटलं की रिंगास्किडीत बसून तुझी झोप का उडते?"

"ते वेगळं."

"काय वेगळं?"

वेगळं काय ते सांगता येईना म्हणून त्याने अर्ज लिहायला घेतला. अर्ज म्हटल्यावर रकाने आले. गोष्टीचं नाव. कोणत्या समाजाची. कोणाकडून ऐकली. त्या व्यक्तीने कोणाकडून ऐकली. शेवटच्या रकान्यासाठी दुसऱ्या दिवशी तो प्रयोगशाळेच्या दारात उभा राहिला.

"ती हजेरीपटाची गोष्ट," तो म्हणाला, "तुझ्या आंटीला कोणी सांगितली होती?"

अजोआने हातमोजे काढले. "तुझं नाटक त्या गोष्टीवर आहे?"

"हो. ती शेळी."

"चंद्रा, ती लोककथा नाही. ती आंटी अराबाने लिहिलीये. रेडिओवर झाली होती, पाचवीच्या वाचनमालेत छापली होती. मी शाळेत तिच्यावर प्रश्नोत्तरं लिहिलीत. आंटीला शहात्तरावं चालू आहे, केप कोस्टला असते, आणि तिला," अजोआने हातमोजे डब्यात टाकले, "तिला पत्रं लिहायला फार आवडतात."

"आंटी म्हणजे आईची बहीण की वडिलांची?" चंद्रहासने विचारलं. घाबरला की तो तपशिलात शिरे.

"वडिलांची."

म्हणजे आत्या. मावशी असती तर काही आशा होती.

घरी परतताना त्याने गाडीत हिशेब केला. घाना आणि आयर्लंड, दोन्ही देश एकाच आंतरराष्ट्रीय करारात होते. म्हणजे कायदा कॉर्कलाही लागू होता, आणि राष्ट्राध्यक्षांपेक्षा आत्या जवळ होती. आत्यांना उद्या काही झालं, न होवो, तरी गोष्ट २०८८ सालच्या अखेरपर्यंत त्यांचीच. तेव्हा चंद्रहास एकशे सोळा वर्षांचा असेल आणि मराठी मंडळ बहुधा त्याला प्रमुख पाहुणा म्हणून बोलावील. स्पर्धेच्या अर्जाची मुदत मात्र पुढच्या शुक्रवारी संपत होती.

तालमी कॅरिगलाइनच्या एका क्लबच्या हॉलमध्ये चालत. मंडळाचा अध्यक्ष शैलेंद्र हाच गुरुजींचं काम करत होता. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि खांदे उडवले.

"चंद्या, घानाहून कोण बाई कॉर्कला मराठी एकांकिका बघायला येणारे?"

"प्रश्न तो नाहीये."

"तोच आहे. बरं, एवढं लागतंय तर शेळी बदल. म्हैस कर. म्हैस तर त्यांच्याकडे नसतेच. झाली गोष्ट आपली!"

"बाबा," शेळीच्या वेषातली शर्वाणी कोपऱ्यातून म्हणाली, "दॅट्स लिटरली स्टीलिंग, विथ एक्स्ट्रा स्टेप्स."

"तू शेळी आहेस. गप्प बस," शैलेंद्र म्हणाला.

तरी पुढचे दोन दिवस चंद्रहासने म्हैस करून पाहिली. म्हैस शाळेच्या दारातून आत येईना. डुक्कर केलं तर गुरुजींनी त्याला कवटाळून रडायचा प्रसंग जमेना. वाळवी केली. वाळवी कागद उत्तम खाते, पण तिला साहेबांसमोर साक्षीला उभी करता येत नाही. एक एक वस्तू बदलत तो पुढे सरकला आणि दर वेळी नाटक खाली बसत गेलं. मग त्याने कारखान्यात करतो तसा तक्ता आखला : डावीकडे 'त्यांचं', उजवीकडे 'माझं'. डावी बाजू दोन पानं गेली. उजवीकडे आलं : गुहागर, माणसांची नावं, आणि शिपायाचा चहाचा प्रवेश. शिपाई साहेबांना चहा देता देता 'साहेब, त्या शेळीनं शाळा खाल्लान हो' असं सांगून जातो, तो.

शेवट मात्र त्याचा होता. तो त्याने जाड अक्षरांत लिहिला. अजोआने बोळात सांगितली तेव्हा नेमकं शेवटाच्या वेळी तपासनीसांनी दोघांना आत बोलावलं होतं. म्हणून चंद्रहासने स्वतः रचला होता : साहेब खिन्न, गुरुजी हात जोडून उभे, आणि एक एक मूल उठून छाती काढून ओरडतं, 'हजर!' मागे तबला. तालमीत शैलेंद्र दर वेळी स्वतःच रडत असे.

रविवारी दुपारी, चर्चहून आल्यावर, अजोआने आपल्या स्वयंपाकघरातून केप कोस्टला व्हिडिओ कॉल लावला. पडद्यावर आधी छताचा पंखा दिसला, मग चष्मा, मग अराबा आत्या. पांढरे आखूड केस, इस्त्रीचा झगा, हातात वही. चंद्रहासही वही घेऊन बसला होता. दोन्ही वह्या बघून अजोआ चहा करायला उठली.

"तर माझी शेळी तुमच्याकडे आहे," आत्या म्हणाल्या.

"हो मॅडम. मला वाटलं की ती लोककथा आहे."

"असं का वाटलं?"

चंद्रहासने तोंड उघडलं. जे उत्तर होतं ते मोठ्याने म्हणण्यासारखं नव्हतं. त्याने तोंड मिटलं.

"बरोबर," आत्या म्हणाल्या. "वीस वर्षांपूर्वी एका नाटक मंडळीने ती गावोगाव केली. पत्रकावर छापलं : 'पारंपरिक'. मी सहा वर्षं पत्रं लिहिली. पारंपरिक म्हणजे काय, ठाऊक आहे? जिचं नाव विचारायचा कंटाळा आला अशी बाई."

"माझी चूक झाली," चंद्रहास म्हणाला. कारखान्यात असं वाक्य तो दुसऱ्यांकडून लिहून घेत असे, तारखेसकट. स्वतः म्हणायला ते भलतंच आखूड निघालं.

"हं. वाचून दाखव."

"मॅडम, ते मराठीत आहे."

"मी चाळीस वर्षं पाचवीला शिकवलंय. न कळणाऱ्या गोष्टी ऐकायची मला सवय आहे."

त्याने पहिला प्रवेश वाचला. आत्या डोळे मिटून ऐकत होत्या. शेळी येते तिथे त्या बरोबर हसल्या, शब्द न कळता. मग चहाचा प्रवेश आला. त्यांनी डोळे उघडले.

"हे काय? हे माझं नाही. माझ्या गोष्टीत इथे कोणी येत नाही."

"शिपाई चहा घेऊन येतो. त्याला गप्प राहायला सांगितलेलं असतं."

"आणि तो सांगतो?"

"हो. पण साहेबांना त्याची बोली कळत नाही."

आत्यांनी वहीत काहीतरी लिहिलं. "पुढे."

तो पुढे वाचत गेला आणि शेवटाला आला. इथे त्याने आवाज लावला. एक, दोन, तीन, चौदा पोरं 'हजर' म्हणाली. अजोआ किटलीकडे बघत राहिली.

"हा तर स्वातंत्र्यदिनाचा कार्यक्रम झाला," आत्या म्हणाल्या. "मी स्वातंत्र्यदिन लिहिला नव्हता."

"मूळ शेवट मला माहीत नाही, मॅडम."

"विचारलास का?"

"नाही."

मग आत्यांनी शेवट सांगितला. गुरुजी शेळीला आंघोळ घालून टेबलाला बांधतात आणि सरळ सांगतात : साहेब, हजेरीपट हा. साहेब विचारात पडतात. कागद बघितल्याशिवाय त्यांना जाता येत नाही आणि कागद नाही असं लिहिलं तर चौकशी त्यांचीच होते. ते खिशातून रबरी शिक्का काढतात, शेळीच्या पाठीवर उमटवतात आणि अहवालात लिहितात : हजेरीपट तपासला. प्रकृती उत्तम.

चंद्रहास हसला. आधी नाकातून, मग टेबलावर हात आपटून, मग अजोआने पाण्याचा ग्लास पुढे केला इतका. त्याला आपले साहेब दिसले, आपला शिक्का दिसला, अडवून धरलेल्या त्या चांगल्या गोळ्याही दिसल्या. आपल्या शेवटावर शैलेंद्रशिवाय कोणी रडलं नव्हतं, हेही तेव्हाच ध्यानात आलं.

"आता लिहून घे," आत्या म्हणाल्या. इंग्रजीतला 'यू' त्या असा उच्चारत की चंद्रहासला तो 'अरे' असाच ऐकू येई. "शेवट माझा. नाव माझं, मूळ लेखिका म्हणून, आणि चष्मा न लावता वाचता येईल एवढं. लोककथा हा शब्द कुठेही नको. आणि माझ्याकडे परवानगीचा रीतसर अर्ज आला पाहिजे."

"आणि चहाचा प्रवेश? काढू?"

"का काढायचा? तो तुझा आहे. तुझ्या भाषेतले शब्दही तुझे. ते मी लिहिलेले नाहीत, मला वाचताही येत नाहीत. उद्या कोणी तुझं मराठी उचललं तर मला कळव. मी पत्र लिहीन."

"मग माझं नाव..." चंद्रहासने विचारलंच. विचारल्याशिवाय राहवेना.

"मराठी रूपांतर, चंद्रहास टिपरे. लेखक कसा होशील? शेळी तू बघितली होतीस का?"

त्याने बघितली नव्हती.

अर्ज त्याने त्याच संध्याकाळी लिहून, सही करून, फोटो काढून पाठवला. बुधवारी उत्तर आलं. त्याच्याच अर्जाची प्रत होती. लाल पेनने तीन स्वल्पविराम सुधारलेले, 'आपली कृपादृष्टी असावी' या वाक्याखाली लाल रेघ आणि समासात 'अनावश्यक'. खाली 'परवानगी दिली आहे', सही, तारीख, आणि कोपऱ्यात, गोलात, दहापैकी सहा. चंद्रहासने ते प्रवेशअर्जाला टाचलं. स्वतःला लिहिलेलं पत्र बारीक फाडून कागदाच्या हिरव्या डब्यात टाकलं.

रत्नागिरीला फोन करणं जास्त कठीण गेलं.

"म्हणजे लेखक तू नाहीस?" दीनानाथांनी विचारलं.

"रूपांतरकार आहे, बाबा."

"मग मी मॅनेजरला काय सांगू?"

"सांगा की रीतसर परवानगी घेऊन केलंय."

दीनानाथांनी ते वाक्य एकदा स्वतःशी म्हणून पाहिलं. "ते बँकवाल्याला आवडेल," दीनानाथ शेवटी म्हणाले.

स्पर्धा जूनमध्ये डब्लिनला झाली. डब्लिनच्या संघाने एवढा धूर सोडला की आगीची घंटा वाजली आणि पहिला प्रवेश सगळ्यांनी वाहनतळावर उभं राहून आठवला. मलिंगारचा नायक ऐनवेळी ड्यूटीवर अडकला. त्याचं काम दिग्दर्शिकेने हातात कागद धरून केलं आणि ते बरंच चांगलं झालं. कॉर्कच्या वेळी पडदा उघडायच्या आधी निवेदिकेने जाहीर केलं : मूळ लेखिका, श्रीमती अराबा मेन्सा, केप कोस्ट, घाना. मराठी रूपांतर आणि दिग्दर्शन, चंद्रहास टिपरे. विंगेत उभ्या चंद्रहासने ते कान देऊन ऐकलं. टोचेल म्हणून तो तयारीत होता. थोडं टोचलंही, पण दात काढल्यावर त्या रिकाम्या जागी जीभ जाते तेवढंच.

चहाच्या प्रवेशाला हशा आला. रत्नागिरीकडची दोन माणसं तर उठून उभी राहिली. शेवटी शिक्का शर्वाणीच्या पाठीवर उमटला आणि 'प्रकृती उत्तम' म्हणताच तिसऱ्या रांगेत बसलेली अजोआ, जिला मराठीतलं एक अक्षर कळत नव्हतं, सगळ्यांच्या आधी हसली. मग सभागृह हसलं.

कॉर्कला दुसरा क्रमांक मिळाला. पहिला मलिंगारला गेला. डॉक्टरांना नाराज करायची परीक्षकांची हिंमत झाली नाही, असं शैलेंद्रचं मत. त्यानंतर वैयक्तिक बक्षिसं झाली. प्रकाशयोजना डब्लिनला. अभिनय शैलेंद्रला नाही.

"सर्वोत्कृष्ट लेखन," परीक्षक निवेदिता दामले म्हणाल्या. "विशेषतः शेवटासाठी. श्रीमती अराबा मेन्सा. त्यांच्या वतीने..."

विभावरीने चंद्रहासला कोपराने ढोसलं. तो उठला. सभागृहाच्या मागच्या टोकापासून मंचापर्यंत बरंच अंतर होतं, आणि टाळ्या पूर्णवेळ चालू होत्या. सेहेचाळीस वर्षं वाट पाहिलेलं बक्षीस त्याच्या हातात आलं, आणि ते दुसऱ्याचं होतं. पितळी पेन, लाकडी बैठकीवर बसवलेलं. खाली पट्टीवर नाव कोरायची जागा मोकळी होती.

"दोन शब्द?" निवेदिताबाईंनी ध्वनिक्षेपक पुढे केला.

"त्यांना कळवतो," चंद्रहास म्हणाला. हे दोनच शब्द निघाले.

पेन घरी आलं आणि टीव्हीशेजारी बसलं. शनिवारी जेवायला माणसं येणार होती. "कधी पाठवतोयस?" विभावरीने विचारलं. "सोमवारी," तो म्हणाला. शनिवारी पाहुण्यांनी पेन हातात घेऊन बघितलं. "तुला मिळालं?" असं कोणी विचारलं की चंद्रहास आत्यांपासून सुरुवात करून सगळी गोष्ट सांगे, शेळीसकट, आणि शेवटाला येईपर्यंत भात गार होई. रविवारी त्याने कॅरिगलाइनच्या किल्ल्या करणाऱ्या माणसाकडून पट्टीवर नाव कोरून घेतलं. स्पेलिंग अजोआकडून लिहून आणलं होतं, दोन सह्यांनिशी.

सोमवारी दुपारच्या सुट्टीत तो पोस्टात गेला. काउंटरवरच्या बाईने खोक्याचं वजन केलं आणि परदेशी मालाचा फॉर्म पुढे सरकवला. आतल्या वस्तूचं वर्णन : 'लेखनाचे बक्षीस, एक'. वस्तू कोणाची : त्याने नाव लिहिलं. पाठवणारा : त्याने आपलं लिहिलं. सगळ्या रकान्यांत खरं तेच होतं, आणि एकही खाडाखोड नव्हती.

"घाना!" बाई म्हणाल्या. "लांब चाललंय. तुम्हालाच मिळालेलं का हे?"

"नाही. मी मराठीत आणलं फक्त."

"मग त्या खूष होतील," त्या म्हणाल्या आणि खोक्यावर शिक्के मारू लागल्या. "दोन आठवडे लागतील. चालेल?"

"ग्रँड," चंद्रहास अस्सल कॉर्ककरासारखं म्हणाला. पावती घडी करून त्याने पाकिटात ठेवली. बाहेर चक्क ऊन होतं. अर्धी सुट्टी शिल्लक होती, म्हणून तो आइसक्रीम खायला गेला.